कुलूप लावलेली विहीर

साईनाथ ठेकेदार पेढ्यांचा पुडा घेऊन आला तेव्हा समीक्षाच्या घरात प्यायला पाणी नव्हतं. हंडे पालथे घातलेले होते. तिची सासू रखमाबाई डोंगराखाली मोठ्या पाइपलाइनच्या व्हॉल्व्हपाशी गेली होती. शहराकडे जाणाऱ्या पाण्याची तिथे एक बारीक चिळकांडी उडायची. खाली वाटी धरायची, ती हंड्यात ओतायची, पुन्हा धरायची. एक हंडा भरायला पाऊण तास.

"अभिनंदन वहिनी," साईनाथ खुर्चीत बसत म्हणाला. "नळयोजना पूर्ण झाली. गावानं ताब्यात घेतली असा कागद आहे. पाणी समितीच्या अध्यक्ष म्हणून खाली सही करा."

"पाणी कुठाय?"

"येईल ना. लाइटचं कनेक्शन आलं की लगेच."

"म्हणजे कनेक्शन आलेलं नाही, पाणी आलेलं नाही, आणि योजना पूर्ण झाली?"

साईनाथ हसला. अशा बायका त्याला दर गावात भेटत असणार. फक्त ही बाई काय काम करते हे त्यानं विचारलेलं नव्हतं.

कोंडटेंभी म्हणजे शीळफाट्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कडेवरचा अडतीस घरांचा पाडा. पाणी समितीचं अध्यक्षपद बाईला द्यायचं असं वरून आलं, नाव ठरवायच्या सभेच्या वेळी समीक्षा कामावर होती, म्हणून तिचंच नाव टाकलं. जी हजर नाही ती नाही म्हणणार नाही, एवढाच विचार. ती कामावर होती ते वागळे इस्टेटमध्ये, गुरुदत्त प्रधानांच्या मोटर वाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये. गेली अकरा वर्षं ती जळलेल्या मोटरी उघडत होती, काळ्या पडलेल्या कॉइल कापून काढत होती, नव्या तांब्याच्या तारा भरत होती. मोटर कशामुळे जळाली हे ती नुसत्या वासावरून सांगायची.

"मोटर किती एचपीची टाकलीत?" तिनं विचारलं.

"पंधरा. एकदम हेवी."

"पंधरा?" तिचा आवाज चढला. "आमची विहीर बघितली होती का? मार्चमध्ये दीड पुरुष खोल पाणी असतं तिच्यात. झरा बारीक आहे, पण अखंड आहे. तुमची मोटर दहा मिनिटांत विहीर कोरडी करेल आणि अकराव्या मिनिटाला जळेल. मग रिवाइंड कोण करणार? थ्री फेजचं महिन्याचं फिक्स्ड बिल कोण भरणार? पाणी येवो न येवो, ते तर येणारच. अडतीस घरं आहेत इथे. निम्म्या घरांत पावसाळा सोडून रोजचं काम नाही."

"वहिनी, डिझाइन वरून येतं. आपल्या हातात काय?"

"मग सहीपण वरूनच आणा."

साईनाथनं कागदाची घडी केली. पेढ्यांचा पुडा त्यानं टेबलावरच ठेवला. समीक्षानं तो दारापर्यंत नेऊन त्याच्या हातात परत दिला.

तिला सगळ्यात जास्त राग विहिरीवरून होता. ती विहीर गावाची, रखमाबाईच्या सासऱ्याच्या वेळची, सगळ्यांनी मिळून खणलेली. ऐन उन्हाळ्यातही ती प्यायला पुरायची. योजनेसाठी म्हणून गावानं ती ठराव करून दिली आणि साईनाथनं तिच्यावर स्लॅब टाकला, लोखंडी जाळी बसवली, जाळीला कुलूप लावलं. किल्ली त्याच्याकडे. आता जाळीतून खाली पाणी दिसायचं, पण पोहरा टाकता यायचा नाही. शेजारी उंच खांबांवर लाखभर लिटरची टाकी उभी होती, आतून कोरडी, बाहेरून निळी.

त्या दिवशी तिचा नवरा विनीत रिक्षा लावून घरी आला तो तोंड पाडूनच.

"सही करून टाक ना यार. साईनाथ स्टँडवर आलेला. बोलतो, तुझ्या बायकोमुळे पूर्ण गावाचं काम अडकलंय."

"काम अडकलंय की त्याचं बिल?"

"तेच ते. मोठी माणसं आहेत ती. उद्या स्टँडवर माझी रिक्षा लावू दिली नाही तर?"

"मग रिक्षातून पाणी आण. अरे, एकदा सही केली की ती योजना आपली. बिल आपलं, जळलेली मोटर आपली. पाणी का नाही विचारायला गेलो की कागद दाखवतील, तुम्ही तर चालू योजना ताब्यात घेतलीत. कळतंय का तुला?"

रखमाबाई तेवढ्यात आत आली. हंडा अर्धाच भरलेला होता. तिनं तो खाली ठेवला, कमरेवर हात दाबून उभी राहिली आणि मुलाकडे बघून म्हणाली, "पानी देल त्याला सही. नाय त त्याचा कागूद चुलीत घाल."

विनीतनं हंडा उचलून आत नेला.

पुढच्या आठवड्यात समीक्षानं अर्धी रजा घेतली आणि ती ठाण्यातल्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेली. हातात एक कागद होता. गुरुदत्त सरांनी तिच्याकडून सगळा हिशेब दोनदा करून घेतला होता आणि मग स्वतः तपासला होता. सर जुन्या ठाण्यातले, कोपरीत तीन पिढ्या राहणारे, शब्द तोलून बोलणारे. कागद परत देताना ते म्हणाले होते, "चूक शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. फक्त तिथे ओरडू नकोस, त्यांना तेवढंच निमित्त पुरतं."

कागदावर फार काही नव्हतं. दीड एचपीची सिंगल फेज मोटर, समाजमंदिराच्या मीटरवर चालणारी. झरा जेवढं पाणी देतो तेवढंच हळूहळू उचलणारी. देवळामागच्या टेकाडावर पाच-पाच हजारांच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या. तिथून उतारानं खाली चार नळकोंडाळी. जळली तर समीक्षा स्वतः रिवाइंड करू शकेल अशी मोटर. घरटी महिन्याला जेवढे पैसे लागतील तेवढे कोंडटेंभीतलं सगळ्यात गरीब घरही देऊ शकेल.

इंजिनिअर नीरजा मॅडम पस्तिशीच्या होत्या. त्यांनी कागद नीट वाचला. वाचताना पेन्सिलनं दोन ठिकाणी टिंब केलं आणि मान हलवली.

"हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

समीक्षाला क्षणभर वाटलं, झालं.

"पण हे होणार नाही. एवढ्या लहान कामाच्या टेंडरला कोणी येत नाही, ताई. त्यात कोणालाच परवडत नाही. शिवाय आम्हाला तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरावी लागते. टाकी, मोटर, पाइप, सगळं त्या हिशेबानं."

"तीस वर्षांनी जे येतील त्यांच्यासाठी टाकी. आणि जे आज आहेत त्यांनी काय करायचं?"

"मी तुमची अडचण समजू शकते."

"मॅडम, अडचण तुम्हाला समजलीये, उत्तरही बरोबर आहे म्हणताय. मग अडलंय कुठे?"

नीरजा मॅडमनी कपाटातून एक फाइल काढली. "अडलंय इथे. तुमची योजना पूर्ण झालेली आहे. रेकॉर्डला ती चालू आहे. चालू योजना असताना त्याच गावाला दुसरी देता येत नाही. आणि ती ताब्यात घेतल्याची सही तर तुमचीच आहे."

फाइल त्यांनी तिच्याकडे वळवली.

कागद तोच होता. खाली गोल शिक्का, शिक्क्यावर सही. वळणदार, स्वच्छ, शाळेतल्या मास्तरसारखी. 'समिक्षा विनीत म्हात्रे.' मि ऱ्हस्व. वर टाइप केलं होतं की चाचणी यशस्वी, सलग सहा दिवस सर्व घरांना सुरळीत पाणीपुरवठा झाला.

समीक्षा ते बघतच राहिली. कागदावरच्या त्या सहा तारखा तिनं मोजल्या. त्या सहा दिवसांत तिची सासू रोज दोनदा व्हॉल्व्हवर गेली होती. वरच्या आळीतली नयन सात महिन्यांचं पोट घेऊन गेली होती. सगळा पाडा वाटी धरून बसला होता आणि इथे कोणीतरी गादीच्या खुर्चीत बसून लिहिलं होतं, सुरळीत.

"ही माझी सही नाही," ती म्हणाली. सरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं, पण आवाज खोलीभर गेला. पलीकडच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. "मी बारावी झालेली आहे. मला माझं नाव लिहिता येतं. त्यातला 'मी' दीर्घ आहे. ज्यानं लिहिलंय त्याला माझं नावसुद्धा येत नाही!"

"ताई, हळू बोला. तुम्ही लेखी तक्रार द्या."

"कोणाकडे?"

"आवक विभागात."

"आणि चौकशी कोण करणार?"

नीरजा मॅडमनी फाइल मिटली. "आमच्याच ऑफिसचं कोणीतरी," त्या हळूच म्हणाल्या. निदान त्यांनी ते खोटं बोलून झाकलं नाही.

समीक्षानं तिथेच बाकावर बसून तक्रार लिहिली, शिक्का मारून पोच घेतली आणि दुपारी कामावर येऊन एका मोटरच्या इतक्या घट्ट कॉइल भरल्या की सरांनी त्या पुन्हा सैल करून घेतल्या. दोन महिने गेले. उत्तर आलं नाही. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती फोन करायची आणि पलीकडून तिला तक्रारीचा नंबर पुन्हा विचारायचे.

मग मेच्या पहिल्या आठवड्यात खालच्या व्हॉल्व्हची गळती बंद झाली. शहराचं पाणी वाया जातंय म्हणून कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून तक्रार केली होती. दोन दिवसांत गाडी आली, चार माणसं आली, नवं वॉशर, नवे बोल्ट, वरून रंगाचा हात. रखमाबाई आणि आणखी सहा बायका हंडे घेऊन बाजूला उभ्या राहून बघत होत्या. काम झाल्यावर त्यातला एक जण त्यांना म्हणाला, "मावशी, इकडे आता थांबू नका, काय मिळायचं नाही."

संध्याकाळी समीक्षा घरी आली तेव्हा सासू ओट्यावर बसलेली होती. हंडा शेजारी, रिकामा.

"दोन दिस लागले त्यांना," रखमाबाई म्हणाली. "तुजा कागूद कवाचा हाय?"

समीक्षानं पिशवी खाली ठेवली आणि तशीच चपला घालून ती घरोघर गेली. अडतीसही घरं. प्रत्येक दारात तेच बोलली. रविवारी सकाळी अकरा वाजता आपण विहिरीचं कुलूप तोडणार आहोत. चोरून नाही, उजेडात, सगळ्यांनी. ज्याला यायचं नाही त्यानं येऊ नका, पण नंतर पाणी भरायला येताना माझ्या नजरेला नजर द्या.

"केस होईल," विनीत म्हणाला.

"होऊ दे."

"मी सीरियसली सांगतोय. सरकारी मालमत्ता आहे ती."

"विहीर सरकारनं खणली? तुझ्या आज्यानं खणली. तू येणार नसशील तर निदान व्हिडिओ काढायला मोबाइल दे."

रविवारी तो आला. मोबाइल घेऊन पुढेच उभा राहिला. मोटर वर ओढायला वर्कशॉपमधून आणलेली चेन पुली तिनं तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला लावली. कुलपावर घणाचा पहिला घाव रखमाबाईनं घातला. तिच्या हातात जोर नव्हता, कुलूप हललंसुद्धा नाही. मग एकेकानं घाव घातले. नवव्या घावाला कडी तुटली.

साईनाथची मोटर आत राहिली असती तर समीक्षाच्या कागदावरची लहान मोटर बसायला जागा नव्हती. म्हणून आधी ती वर काढायची होती. आठ माणसांनी साखळी ओढली. पाइपासकट ती अजस्र मोटर वर आली, पाणी गाळत, आणि त्यांनी ती स्लॅबवर आडवी ठेवली. समीक्षा कापडानं पुसायला वाकली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"कोणी हात लावू नका," ती ओरडली. "मागे व्हा सगळे. विनीत, इकडे ये. जवळून काढ."

पाण्यात बुडवून चालवायच्या मोटरींची ही जातच अशी की बसवण्याआधी मोटरच्या आत स्वच्छ पाणी भरावं लागतं, नाहीतर ती चालूच करता येत नाही. त्यासाठी अंगाला एक बूच असतं. त्या बुचावर कंपनीचं सील होतं, लाल, न तुटलेलं. केबलची टोकं कंपनीच्या टेपमध्ये जशी आली तशीच गुंडाळलेली होती. ही मोटर एका सेकंदासाठीही चाललेली नव्हती. साईनाथनं ती नुसती पाइपाला लटकवून विहिरीत सोडली होती, फोटोपुरती.

"सहा दिवस," समीक्षा म्हणाली. "सलग. सुरळीत."

मोटरवर तिनं ताडपत्री टाकली, चार दगड ठेवले आणि दोन माणसं राखणीला बसवली. मग गणपती मंडळाच्या शिलकीतून आणलेली दीड एचपीची मोटर विहिरीत उतरवली. ती गुरुदत्त सरांनी जुन्या बॉडीत नवं वाइंडिंग भरून दिली होती, मजुरी न घेता. टाक्या आदल्या दिवशीच टेकाडावर चढल्या होत्या, खालपर्यंतचे पाइप आणि नळही जोडून झाले होते. दुपारी अडीच वाजता कॅपॅसिटर लावून तिनं स्विच दाबला. पाऊण तासानं देवळाजवळच्या नळकोंडाळ्यावर आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. नयन तिथेच बसून ओंजळीनं प्यायली. समीक्षानं स्वतः प्यायला वेळ घेतला नाही, ती विहिरीत किती पाणी उतरतंय ते मोजत होती.

साईनाथनं मंगळवारी पोलिसांत तक्रार दिली. कुलूप तोडलं, चालू योजनेची मोटर चोरली, आरोपी समीक्षा म्हात्रे व इतर.

हवालदार सहदेव पंचनाम्याला आले तेव्हा साईनाथ त्यांच्याबरोबर होता. बाहेर सगळा पाडा उभा.

"मोटर कुठे विकली?" हवालदारांनी विचारलं.

"विकली नाही. ही काय." समीक्षानं ताडपत्री ओढली. "जिथे काढली तिथेच आहे. पंचनामा करताय ना? मग जे दिसतंय ते सगळं लिहा."

"मोटर मिळाली. बस झालं."

"बस नाही झालं. हे बूच बघा. सील शाबूत आहे, असं लिहा. केबल जोडलेली नाही, असं लिहा. त्या पंपाच्या खोलीत स्टार्टर नाही, मीटर नाही, खांबावरून तार आलेली नाही, हेपण लिहा."

"साहेब, ते टेक्निकल आहे," साईनाथ घाईनं म्हणाला. "मोटर मिळाली ना, मी तक्रार मागे घेतो."

"आता मागे घेतोस?" समीक्षा त्याच्यावर इतक्या जोरात धावून गेली की विनीतनं तिचा दंड धरला. तिनं तो झटकला. "चालू योजनेची मोटर चोरली म्हणालास ना? चालू! लिहून दिलंस ना? मग आता दाखव ती कशी चालू होती. बिनपाण्याची, बिनतारेची मोटर सहा दिवस कशी चालवलीस ते दाखव. मी अकरा वर्षं हेच काम करते, मलाही शिकायचंय!"

हवालदार वाकले. त्यांनी सीलवरून बोट फिरवलं, केबल उचलून बघितली. मग साईनाथकडे बघितलं.

"तुम्ही तक्रार दिलीत, ती नोंदली गेली," ते म्हणाले. "आता मला जे दिसलं ते लिहावं लागेल." आणि पेन काढून त्यांनी लिहायला घेतलं. पंचांच्या खाली, हजर म्हणून पहिली सही विनीतनं केली.

त्या पंचनाम्याची प्रत समीक्षाच्या जुन्या तक्रारीला जोडल्यावर मात्र पाणीपुरवठ्याचं ऑफिस हललं. साईनाथचं शेवटचं बिल थांबलं. सहीचा कागद तपासायला गेला. ती कोणी केली हे अजून सापडलेलं नाही, आणि सापडेल असं समीक्षाला वाटत नाही. कुलूप तोडल्याची केस मात्र उभी आहे. ती मागे घ्यायचा अधिकार कोणाचा, यावर तीन टेबलं एकमेकांकडे बोट दाखवतात. दर तारखेला अर्धी रजा टाकून ती कल्याणच्या कोर्टात जाते, पुढची तारीख घेते आणि कामावर परत येते.

जुलैमध्ये नीरजा मॅडम पाड्यावर आल्या. नळकोंडाळी, टाक्या, मोटर, घरटी वर्गणीची वही, सगळं त्यांनी नीट बघितलं.

"खूप छान चाललंय," त्या म्हणाल्या. "मला हे वर दाखवायचंय. लोकसहभागातून केलेलं काम म्हणून. तुमचा एक फोटो घेऊ?"

"लोकसहभाग?" समीक्षा म्हणाली. "मॅडम, हे काम तुमचं होतं. आम्ही गणपतीचे पैसे घातले, सरांनी मजुरी सोडली, माझ्यावर केस आहे. याचा फोटो लावून तुम्ही दुसऱ्या गावाला सांगणार, बघा, त्यांनी स्वतः केलं, तुम्हीपण करा. आणि टाक्या उंच खांबांवर बांधतच राहणार."

"मी तसं म्हणत नव्हते."

"मग मला लिहून द्या. की दीड एचपी पुरते. की लहान गावाला लहान योजना मंजूर करायला हवी. तुमच्या सहीनं."

नीरजा मॅडमनी वर्गणीची वही मिटून ठेवली. पाऊस टाकीवर वाजत होता. त्या म्हणाल्या, "शिफारस म्हणून लिहू शकते. मंजूर होईल असं नाही."

"लिहा तर."

त्यांनी समाजमंदिरात बसून दीड पान लिहिलं, तारीख टाकली, सही केली. फोटो घेतला नाही. समीक्षानं त्या कागदाच्या शीळफाट्यावर दहा झेरॉक्स काढल्या.

मागच्या महिन्यात पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून तीन बायका वर्कशॉपच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे विहिरीवर स्लॅब टाकायचं काम चालू झालं होतं. पाटीवर ठेकेदाराचं नाव वेगळं होतं, पण कामावर उभा असलेला माणूस साईनाथ होता.

समीक्षाचं डोकं फिरलं. "इथे कशाला आलात?" ती त्यांच्यावरच खेकसली. "मी मोटर भरणारी बाई आहे. ठाण्यात एवढं मोठं ऑफिस आहे, पगारी माणसं आहेत, तिकडे जा ना! त्यांना विचारा!"

"गेलेलो," त्यातली एक म्हणाली. "तक्रारीचा नंबर दिलाय."

आतून गुरुदत्त सर बघत होते. त्यांनी तिच्या टेबलावरची अर्धी भरलेली मोटर उचलून आपल्या टेबलावर घेतली.

समीक्षानं हात पुसले. तिनं ड्रॉवरमधून टेस्टर आणि मोजपट्टी काढून पिशवीत टाकली, विनीतला रिक्षा घेऊन यायला फोन केला आणि त्या बायकांना म्हणाली, "विहिरीत आत्ता पाणी किती आहे? अंदाज नको. कोणी मोजलंय का?"